भजन मंडळाचं रेकॉर्डिंग: हातातला रेकॉर्डर घ्यावा की इंटरफेस?

पेटी, तबला, तीन-चार टाळकरी, एक खंजिरी आणि गाणारे दोघं. एवढं मंडळ घरातच नीट टिपायचं असेल, तर मोबाईलच्या पुढे खिशाला झेपतील असे दोनच मार्ग आहेत. एक, वर दोन माइक बसवलेला, सेलवर चालणारा हातातला रेकॉर्डर. दुसरा, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारी डबी), दोन माइक आणि घरातला लॅपटॉप. दोन्हींची कागदावरची वैशिष्ट्यं कुठंही वाचायला मिळतील. इथं लिहितो ते गावातल्या घरात, गावातल्या लाईनवर काय होतं ते.

इंटरफेसची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. आवाज एका चॅनलवर आणि पेटी-तबला दुसऱ्यावर घेतला, की नंतर गाणाऱ्याचा आवाज थोडा वर, तबला थोडा खाली करता येतो. गायकाचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फुत्कार लागत नाहीत. दुसरा माइक पेटी आणि डग्ग्याच्या मध्ये, गुडघ्याच्या उंचीवर. मात्र पेटीच्या भात्याकडून नको, नाहीतर प्रत्येक ओळीखाली भात्याचा सुस्कारा ऐकू येतो. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. त्याहून जवळ आले, तर तोच तबला दोन्हीकडे किंचित मागंपुढं पोचतो आणि आवाज पोकळ होतो.

पण चॅनल दोनच. टाळ आणि खंजिरी कुठून तरी शिरणारच, आणि बहुधा गायकाच्या माइकमध्ये शिरतात. मग आवाज वाढवला की टाळही वाढतो. हे टाळायला एकेक जण वेगळा रेकॉर्ड करावा, असं सांगितलं जातं. गिटार-कीबोर्डच्या बँडला ते जमतं. भजनाला जमत नाही, कारण भजनाची लय चढत जाते. तबलजी गायकाकडे बघून वाढवतो, टाळकरी तबलजीकडे बघून. हेडफोनमध्ये एकसारख्या वाजणाऱ्या क्लिकच्या ठोक्यावर बसवलेलं भजन तालात असतं, पण चढत नाही.

रेकॉर्डरमध्ये उलटं आहे. नंतर काहीच वेगळं करता येत नाही, म्हणून तोल बैठकीतच साधावा लागतो. रेकॉर्डर कॅमेऱ्याच्या तिपाईवर, बसलेल्या गायकाच्या कपाळाच्या उंचीवर, किंचित खाली झुकवून. गायक अडीच-तीन फुटांवर, पेटी साडेतीन, तबला पाच, टाळ आठ ते दहा फुटांवर मागे. खंजिरी त्याहून मागे आणि तिचं चामडं माइककडे नव्हे, बाजूला वळवलेलं. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांनी खंजिरी आपल्याकडे गावोगाव पोचवली, तिला वगळून चालत नाही. पण तिच्या थापेसोबत झांजांचा जो टोकदार झटका येतो, तो काट्यावर दिसायच्या आधीच आवाज फाडून जातो. म्हणून ऑटो लेव्हल (पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय) बंद ठेवावी, सगळ्यात जोरकस गजर एकदा म्हणवून घ्यावा आणि त्या वेळी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, उणे ६ च्या वर जाणार नाही, अशी पातळी बांधावी. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) बंदच ठेवावा, नाहीतर डग्ग्याची घुमक जाते. तिपाईच्या पायांखाली घडी केलेलं पोतं टाकावं, कारण जमिनीवरून मांडीचा ठेकाही चढतो.

तीस सेकंदांचा नमुना घ्यायचा, हेडफोनवर ऐकायचा, कुणाला हातभर मागं सरकवायचं, पुन्हा ऐकायचं. चार-पाच फेऱ्यांत बैठक जमते. मग मात्र जागांवर खडूच्या खुणा कराव्या. पाणी प्यायला उठलेला टाळकरी परत येऊन फूटभर पुढं बसला, तरी पुढच्या भजनात तोल बिघडलेला कळतो.

खोलीची अडचण दोघांनाही आहे, रेकॉर्डरला जास्त. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. कवेलूचं, मातीच्या भिंतीचं, सारवलेलं घर मिळालं तर तेच घ्यावं. हिवाळ्यात ज्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, तिच्यासारखी शांत खोली तर पैसे देऊनही मिळणार नाही. फक्त अंगाला खाज सुटते आणि तिथं अगरबत्ती, दिवा काही लावायचं नाही. यातलं काहीच नसेल तर दोन भिंतींना सोयाबीनचे कट्टे रचून वर गोधड्या टाकाव्या. कूलर आणि पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटेचीच वेळ धरावी.

आता ज्या एका गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लागला, ती: घूं.

लॅपटॉप चार्जरवर असला, की कुणी गात नसतानाही हेडफोनमध्ये बारीक घूं ऐकू येते. कारण साधं आहे. चार्जरमधून थोडासा प्रवाह नेहमीच लॅपटॉपच्या अंगात झिरपतो आणि तो अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जावा अशी व्यवस्था असते. घराला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनच्या सॉकेटमागं तिसरी तारच जोडलेली नसेल, तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावरच राहतो. धातूचा भाग असेल तर बोटाला झिणझिण्या येतात. इंटरफेसला वीजही यूएसबीतूनच मिळते, म्हणून तीच घाण माइकचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या प्रीअ‍ॅम्पपर्यंत पोचते. साध्या डायनॅमिक माइकला गेन (आवाज वाढवणारी घुंडी) बराच उघडावा लागतो, त्याबरोबर घूंही उघडते. कीबोर्ड वेगळ्या अडॅप्टरवर असेल तर आणखी वाढते.

ही घूं ५० हर्ट्झची. पेटीवर लावून बघा: पांढरी पाचच्या जवळ, पण किंचित चढी. गाणारा काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या षड्जाखाली एक चढा तीव्र मध्यम अखंड धरलेला असतो. शिवाय तिच्याच पटीतला १५० हर्ट्झचा सूर पांढरी दोनजवळ, म्हणजे कोमल रिषभावर. बिघडलेला तंबोरा शेजारी लावून गायल्यासारखं ते होतं. नंतर फिल्टरनं ५० काढता येतं. १००, १५०, २०० काढायला जावं तर डग्गा आणि गायकाचा खर्जही कापला जातो. नॉइज रिडक्शन जास्त दाबलं की टाळ पाण्यात वाजल्यासारखा लागतो.

उपाय आहेत. वायरमनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं. कोळसा-मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि आहे ते अर्थिंगही निकामी होतं, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावं. पिन कापून टाकणं किंवा न्यूट्रललाच अर्थ जोडणं कधीही करू नये, त्यात जीव जातो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवणं. पण बहुतेक मंडळांकडचा लॅपटॉप जुना असतो, त्याची बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते, आणि तेवढ्यात बैठकही लागत नाही. इन्व्हर्टरवर न्यावं तर स्वस्त स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरनं घूंची भणभण होते. दुसऱ्याच्या घरी रेकॉर्डिंग असेल, तर तिथलं अर्थिंग आपल्या हातात नसतं.

रेकॉर्डरला ही तारच नाही. दोन सेल घातले की लाईन असो वा नसो, मागं फक्त खोली ऐकू येते. लाईन गेलेली असली तर उलट बरं, शेजारचा फ्रिजही बंद असतो.

म्हणून टाळ-खंजिरीचं, एकत्र बसून गाणारं मंडळ असेल तर मी रेकॉर्डरकडे झुकेन. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाला ऑर्केस्ट्रा असेल, अर्थिंग पक्कं असेल आणि मिक्सिंगला बसणारा कुणी असेल, तर इंटरफेस कदाचित जास्त उपयोगी पडेल. तिथं माझा आग्रह नाही. पुढं दोन्ही लागतील असं वाटत असेल, तर खाली दोन एक्सएलआर सॉकेट (माइकच्या तीन पिनच्या वायरचे) असलेला रेकॉर्डर बघावा. अशा बऱ्याच रेकॉर्डरना लॅपटॉपला जोडून इंटरफेस म्हणूनही वापरता येतं.

रेकॉर्डर घेतल्यावर एमपी३ न ठेवता २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाईल ठेवावी. मिनिटाला साधारण १६ एमबी, म्हणजे १६ जीबीच्या कार्डात पंधरा-सोळा तास सहज मावतात. प्रत्येक भजनानंतर स्टॉप दाबावं. सलग चालू ठेवलं आणि मध्येच सेल संपले, तर चालू असलेली फाईल बंद न होता बिघडू शकते, आणि त्या फाईलमध्ये संध्याकाळची सगळी भजनं असतात.