यूडीआयडी कार्ड: कचेरीत चालतं, वर्गात अडतं

शिष्यवृत्ती असो, श्रवणयंत्र असो की परीक्षेतली सवलत, दिव्यांग विद्यार्थ्याच्या पालकांकडे आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र मागतात. सेवा म्हणून पाचपैकी तीन गुण. कापलेले दोन गुण बहुतेक वर्गातल्या उपयोगाचे आहेत.

स्वावलंबन पोर्टलवरचा अर्ज सोपा आहे. घोळ होतो तो नावाचा. आधार, जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांत स्पेलिंग एकच आहे ना, ते आधी बघा. नाहीतर कार्ड हातात येतं आणि शिष्यवृत्तीचा अर्ज पडताळणीत अडकतो. रुग्णालय निवडण्याआधी तिथे संबंधित तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारा. अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणितातल्या अडचणींचं) गणित वेगळं: मार्गदर्शक सूचनांनुसार दाखला वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतो, 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. चौदाव्या वर्षाची तपासणी राहून गेली, तर ऐन दहावीच्या तोंडावर धावपळ.

कार्डाचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर ठरतो: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 पासून पुढे निळा. नववी-दहावीच्या केंद्रीय शिष्यवृत्तीला किमान 40 टक्के आणि वार्षिक अडीच लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न लागतं. मात्र पांढरं कार्ड आलं म्हणून हात टेकू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांबद्दल बोलतं, आणि तिथे 40 टक्क्यांची अट लिहिलेली नाही. 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेत दर दिव्यांग मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे, पण ती रोख हातात पडत नाही. शाळेत कार्डाची झेरॉक्स देऊन थांबू नका. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत नोंद झाली का, ते विचारा.

आता वर्ग. घंटा वाजली की कान झाकून रांगेतून पळणारं स्वमग्न मूल डायरीत 'प्रार्थनेत बेशिस्त' होतं. श्रवणयंत्राचा सेल संपलेला मुलगा हाक मारली तरी वळत नाही, तर तो 'उद्धट'. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्के असतात. अशा वेळी बाईंनी काय करायचं, याबद्दल एक ओळही नाही. शिवाय सतत चुळबुळ, मध्येच बोलणं यांसाठी ज्यांना सर्वांत जास्त शेरे मिळतात, ती एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असलेली) मुलं दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत मुळी नाहीतच. सोबत दुसरं नोंदीतलं दिव्यांगत्व नसेल, तर त्यांना कार्डच नाही.

म्हणून कार्डासोबत मुख्याध्यापकांच्या नावे एक पानाचं पत्र द्या. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: कोणतं वागणं दिसेल, ते कशामुळे होतं, आणि त्या क्षणी काय करावं. उदाहरणार्थ, 'घंटेआधी दोन मिनिटं दाराजवळ उभं करा, ओढू नका.' 'मूल संवेदनशील आहे, सांभाळून घ्या' असं मोघम लिहिलंत तर पत्र फायलीत जाऊन पडतं. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. गट साधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांकडून वैयक्तिक शिक्षण आराखडा करून घेतलात, तर पत्राला वजन येतं.

'दुसरी शाळा बघा' असं तोंडी सुचवलं गेलं, तर तेच लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही, कलम 17 मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. लेखी तक्रार कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे करता येते. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तक्रारीला डायरीतल्या शेऱ्यांचे तारखेनिशी फोटो जोडा, आणि आवक क्रमांकाचं ते पत्र सगळ्यात वर ठेवा.