फायबरचं बाथरूम सांगून 86,000 रुपये खाल्ले

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या बाथरूमसाठी आम्ही 86,000 रुपये मोजले. मिळालं काय, तर प्लायवर चिकटवलेलं पीव्हीसी पॅनल, फुगलेली जमीन आणि संडासाच्या जागी रिकामं खोकं. कॅम्परचं, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीचं काम काढणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय.

गाडी जुनी, आधीच्या मालकानेच कॅम्पर करून घेतलेली. मागच्या कोपऱ्यात अडीच बाय तीन फुटांचं बाथरूम होतं, पण गळकं. ही चैन नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना गुहागरला न्यायचं तर वाटेत स्वच्छ संडास शोधत फिरावं लागतं. हायवेवर बायकांचे काय हाल होतात ते बायकांनाच विचारा.

दोन ठिकाणी 1,60,000 आणि 1,85,000 सांगितले होते. कुर्ल्याकडच्या एका गॅरेजवाल्याने 92,000 सांगितले. स्वस्ताला भुललो असं कुणी म्हणू नका. त्याच्याकडे काम चालू असलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्याने मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवरचा आयएस 710 या मानकाचा शिक्का दाखवला, फायबरचा तुकडा हातात दिला. चालत्या गाडीत टाइल्स टिकत नाहीत, हादऱ्यांनी सांधे उकलतात, म्हणून काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन यांचा अखंड थर द्यायचा, हे त्यानेच समजावलं आणि ते खरंही आहे. खोटं होतं ते त्याचं काम.

आधी 40,000 दिले. मग "फायबर आणि मरीन प्लाय आणायचाय ताई" म्हणून 27,500. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. "भाच्याचं खातं आहे, माझं लिमिट संपलं," म्हणाला. मुंबईत कितीतरी कारागीर असंच सांगतात, त्यात संशय काय घेणार? तरीही सांगते, बिलावर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात पैसे टाका. आणि बिल जीएसटीचं घ्या. तो 15 अंकी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो. आम्हाला मिळालं ते छापील कोटेशन, त्यावर नुसता मोबाइल नंबर.

त्यानंतर आला तो फोटो. "झालं तुमचं बाथरूम." पांढरंशुभ्र, चकचकीत, कोपऱ्यापर्यंत सपाट जमीन. आमच्या बाथरूमच्या त्या कोपऱ्यात मागच्या चाकावरचा पत्र्याचा उंचवटा आहे. तो कुणाला कापून काढता येत नाही, खाली चाक आहे! आत पाऊल टाकलं की नेमकं तिथेच नडगीला लागायचं. फोटोत तो उंचवटाच नव्हता. फोटो दुसऱ्याच गाडीचा होता. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, यांनी पाहिला, दिरांनी पाहिला, सगळ्यांनी अंगठे दिले. आणि त्याच संध्याकाळी मी आणखी 18,500 पाठवले, कारण कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते ते) "न्हावाशेवाला अडकलंय, ड्युटी भरायचीय." तो फोटो आठवला की आजही माझा जीव जळतो. खरंच माल कस्टममध्ये असेल तर बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयातीच्या कागदाचा नंबर मागा, आइसगेट या कस्टमच्या वेबसाइटवर त्याची स्थिती बघता येते. ड्युटी भाच्याच्या खात्यात भरत नाहीत.

गाडी ताब्यात आली तेव्हा भिंती झकास दिसत होत्या, उंचवट्यावर पॅनलचंच खोकं चढवलेलं. "टॉयलेट आलं की लगेच बसवतो." ताज्या फायबरचा उग्र वास असतो, काही दिवस तरी तो जात नाही. आमच्या गाडीत नुसता आंबूस वास होता, सिलिकॉनचा. पण फायबरचं काम घरात कुणी कधी पाहिलंय, तर हा फरक कळणार?

कोकणातून परत येताना पलंगाखाली, बॅटरीच्या पेटीपाशी पाणी आलं. दुसऱ्या मिस्त्रीने पॅनल उचकटलं. आत साधा कमर्शियल प्लाय, फायबरचा एक धागा नाही. सगळं उखडून नव्याने करायचे 58,000, टॉयलेट सोडून. ताबा घेण्याआधी खालचं भोक बुजवून बाथरूमच्या तळाच्या ट्रेमध्ये 24 तास पाणी भरून ठेवा. प्लायचा शिक्का आपल्या गाडीत, कापायच्या आधी बघा, त्यावरचा लायसन्स नंबर मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका.

आणि पोलीस! आधी ऐकवलं, गॅरेज आमच्या हद्दीत नाही. अहो, हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यायचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "काम तर केलंय ना त्याने? मग हा दिवाणी वाद, कोर्टात जा." टॉयलेटचे 18,500 घेऊन टॉयलेटच आणलं नाही, हा कसला दिवाणी वाद? दुसऱ्याच्या गाडीचा फोटो दाखवून पैसे उकळले, याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? शेवटी एक एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, हातावर टेकवली. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलाय." गॅरेजच्या जागामालकाने भाडेकराराची प्रतसुद्धा दाखवली नाही. फोन बंद, बोर्ड उतरलेला, आणि जो तो आम्हालाच विचारतोय, तुम्ही आधी चौकशी नाही केली का? चोराला कुणी काही विचारत नाही!

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, वकील लागतोच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं एकही संभाषण पुसू नका, त्याने पाठवलेले फोटो तर मुळीच नाही. कुर्ल्याकडच्या याच माणसाला आणखी कुणी पैसे दिले असतील तर त्यांनी तारखा आणि ज्या खात्यात पैसे गेले त्यावरचं नाव मला कळवावं. भाचा तोच निघाला तर पोलिसांपुढे सगळे मिळून जाऊ.