गॅमा स्रोताचा धनी शोधायचा: रेडिओच्या वाटेनं की चढउतारांच्या?

शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सला आहात आणि प्रोजेक्टसाठी फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीचे अनोळखी स्रोत मनात आहेत? विषय बिनधास्त घ्या. 2008 साली सोडलेल्या या दुर्बिणीच्या चौथ्या यादीत आठ वर्षांच्या निरीक्षणांतून 5,064 गॅमा स्रोत आले. त्यातले 3,130हून जास्त ब्लाझार जातीचे, म्हणजे कृष्णविवराजवळून सुटलेला झोत जवळपास थेट आपल्याकडे रोखलेल्या दूरच्या दीर्घिका. 1,336 स्रोतांना मात्र धनी, म्हणजे ते किरण नेमके ज्यातून येतात ती आकाशस्थ वस्तू, मिळाला नव्हता.

अडचण जागेची आहे. गॅमा किरण आरशानं एकवटता येत नाहीत, त्यामुळे बरेच फोटॉन जमले तरी मंद स्रोताची जागा काही कलामिनिटांपर्यंतच (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) पक्की होते. स्रोत ज्यात कुठंतरी असतो त्या तेवढ्या लंबवर्तुळात कितीतरी तारे आणि दीर्घिका मावतात.

रेडिओची वाट तिथं कामी येते. ब्लाझारचा गाभा रेडिओत ठळक दिसतो आणि वारंवारता वाढली तरी त्याची तीव्रता फारशी उतरत नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं 150 मेगाहर्ट्झवर केलेलं सर्वेक्षण आणि अमेरिकेतलं 1,400 मेगाहर्ट्झचं एनव्हीएसएस हे रेडिओ सर्वेक्षण, दोन्ही फुकट मिळतात. समजा लंबवर्तुळात दोन उमेदवार आहेत. दोघेही 150वर 200 मिलीजान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). 1,400वर एक 160 आणि दुसरा 40. वारंवारतेनुसार तीव्रता किती उतरते ते सांगणारा वर्णपटीय निर्देशांक पहिल्याचा उणे 0.1 येतो, दुसऱ्याचा उणे 0.7. मी पहिल्यावर बोट ठेवेन. फक्त दोन्ही मोजमापं वेगवेगळ्या वर्षांची आहेत आणि ब्लाझार बदलतात, हे अहवालात लिहायलाच हवं. या वाटेनं हाती येते ती शक्यता, पुरावा नव्हे.

पुरावा चढउतारांतून मिळतो. गॅमा किरण भडकले आणि त्याच सुमारास एखादी दीर्घिका दृश्य प्रकाशातही उजळली, तर शंकेला जागा फार कमी उरते. फर्मी सगळं आकाश पुन्हा पुन्हा पाहते; 2018च्या सुरुवातीपर्यंत तर दर तीन तासांनी पाहायची. दृश्य प्रकाशासाठी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ सर्वेक्षणाची 2018पासूनची मापं वापरा. कोल्हापुरातून स्वतः मोजायचं म्हटलं तर जून ते सप्टेंबर आभाळ उघडतच नाही. ही वाट मला मनापासून आवडते, पण ती स्रोत बघून धरावी लागते. अनोळखी स्रोत बहुतेक मंद असतात. महिन्याभराचे फोटॉन एकत्र केले तरी आलेखात नुसत्या वरच्या मर्यादाच (तेज यापेक्षा जास्त नाही, एवढंच सांगणाऱ्या) दिसतात आणि भडका नसेल तर जुळवायला काही उरत नाही.

वर्णपटाची तिसरी वाट सेमिस्टरभराच्या कामाला नको. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागावा लागतो आणि बीएल लॅक जातीच्या ब्लाझारमध्ये झोताच्या झगमगाटात रेषा बुडून जातात, मग अंतर सांगणारी ताम्रसृतीही (रेषांचं तांबड्याकडे सरकणं) निघत नाही.

एकच सेमिस्टर असेल तर रेडिओ घ्या. वर्ष असेल तर रेडिओनं उमेदवार ठरवा आणि फर्मीच्या यादीत ज्यांचा चढउतार निर्देशांक (तेज किती बदलतं त्याचं माप) मोठा आहे तेवढ्यांचेच आलेख काढा. दोन्हींत आकाशगंगेच्या पट्ट्यापासून निदान 10 अंश दूरचे स्रोत निवडा, कारण पट्ट्यात पल्सार (वेगानं फिरणारे, गॅमा किरण सोडणारे न्यूट्रॉन तारे) आणि विखुरलेली गॅमा प्रभा मधे येते. फर्मीची आज्ञावली लिनक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवर चालते. लंबवर्तुळांची छाननी तर त्याशिवायही सुरू करता येते.