सहा आठवड्यांचा थायरॉइड कोर्स : रिपोर्ट सुधारला, तब्येत नाही

मला नऊ वर्षं हायपोथायरॉइड आहे, म्हणजे माझी थायरॉइड ग्रंथी हार्मोन कमी बनवते. ते भरून काढायला रोज सकाळी रिकाम्या पोटी लेव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. ऑनलाइन मोठं नाव असलेल्या एका बाईंचे व्हिडिओ मी वर्षभर बघत होते. अंथरुणातून उठतानाच दमल्यासारखं वाटतं म्हणजे काय, हे त्या इतकं नेमकं सांगायच्या की त्यांच्यावर माझा विश्वास बसला. म्हणून गोळी सोडवण्याचा दावा करणारा त्यांचा कोर्स घेतला. रोजचा व्हिडिओ, एक ग्रुप आणि कॅप्सूलची डबी.

झोपेची वेळ आणि चालणं यांवरचे धडे चांगले आहेत, ते मी अजून पाळते. राग आहे तो तिसऱ्या आठवड्यावर. तिथे गोळी अर्धी करायला सांगतात आणि आधी डॉक्टरांना विचारा असं एक वाक्यही त्या धड्यात नाही. मी अर्धी केली. सहा आठवडे झाल्यावर रक्त तपासलं. टीएसएच हा आकडा थायरॉइड हार्मोन कमी पडलं की वाढतो आणि जास्त झालं की उतरतो. कोर्सआधी तो ४.१ होता, तो ०.३ वर आला होता आणि फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हार्मोन, वरची मर्यादा ओलांडून गेलेलं. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मार्गदर्शक म्हणाल्या, ‘आता उरलेली अर्धीही बंद करा.’

मी करणारच होते. पण केस मूठभर गळत होते, आवाज घोगरा झाला होता आणि दुपारी तीनला डोळे उघडे ठेवणं जमत नव्हतं. डॉक्टरांकडे गेले. नाडी ५४. त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत जागेवर यायला त्याने इतका वेळ घेतला की मान वळवून बघणाऱ्या मलाही ते कळलं. ‘रिपोर्ट म्हणतोय हार्मोन जास्त आहे, शरीर म्हणतंय कमी पडतंय,’ डॉक्टर म्हणाले. ‘तुम्ही जे जे घेता ते सगळं घेऊन या.’

डबी नेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं, बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० पुरतात. काही लॅबच्या थायरॉइड तपासणीतच बायोटिनचा वापर असतो. रक्तात ते एवढं असलं की आकडे बिघडतात : टीएसएच असतो त्यापेक्षा कमी दिसतो, टी-फोर जास्त. सगळ्या पद्धतींमध्ये असं होत नाही, माझ्या लॅबच्या पद्धतीत झालं. कॅप्सूल तीन दिवस बंद ठेवून त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. टीएसएच १३.८.

ही काही कालपरवा सापडलेली गोष्ट नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच बायोटिनबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात हृदयविकाराच्या तपासणीतला ट्रोपोनिन चुकून कमी दिसल्याचा आणि एका रुग्णाच्या मृत्यूचाही उल्लेख आहे. जी व्यक्ती थायरॉइडवर कोर्स विकते, तिला हे माहीत असायलाच हवं. आणि माहीत असूनही सांगितलं नसेल, तर मला त्याची जास्त भीती वाटते.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं की इथे टाकलेले रिपोर्ट कॅप्सूल चालू असतानाचे आहेत का. दहा मिनिटांत माझा मेसेज काढून टाकला, तासाभरात मीही ग्रुपबाहेर. पैसे परत मागितले, तर ‘कोर्स पूर्ण झाला आहे’ असं उत्तर आलं.

माझी ७५ ची गोळी पुन्हा सुरू आहे, सहा आठवड्यांनी परत तपासणी. कोर्स सध्या करत असाल तर गोळीला हात लावू नका. डॉक्टरांना आणि लॅबला कॅप्सूलबद्दल सांगा आणि रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ती घेऊ नका. ग्रुपमधल्या एका ताईंचा रिपोर्ट हुबेहूब माझ्यासारखा होता, आणि त्या बाळाचा विचार करत होत्या. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची भिस्त आईच्याच थायरॉइड हार्मोनवर असते. त्यांना मी वेगळा मेसेज करून दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवले. त्यांनी काल कॅप्सूल बंद केली, परवा रक्त देणार आहेत.