सानफू लेप: ताजा, तयार आणि नुसता नावाचा

चीनमध्ये जुलै अर्धा सरला की पारंपरिक चिनी वैद्यकाच्या रुग्णालयांत पाठ उघडी करून बसलेल्या लोकांच्या रांगा लागतात. दमा, जुना खोकला, उठल्याबरोबर गळणारं नाक अशी थंडीत उसळणारी दुखणी ऐन उकाड्यात पाठीवर तिखट लेपाच्या चकत्या लावून ताब्यात आणायची, अशी ही पद्धत. तिथे तिला ‘हिवाळ्याचं दुखणं, उन्हाळ्यात इलाज’ असंच म्हणतात. लेपाचं नाव सानफू-थिए. सानफू म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या तीन टप्प्यांचा काळ आणि थिए म्हणजे चिकटवणं. अडचण अशी की या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांतली एक तर लेप म्हणण्याच्याही लायकीची नाही.

आधी तारखा, कारण सगळी गर्दी तारखांवरच होते. चिनी पंचांगात दर दहा दिवसांनी ‘गंग’ नावाचा दिवस येतो. उन्हाळी अयनदिनानंतरच्या तिसऱ्या गंगला पहिला फू म्हणजे टप्पा सुरू होतो, चौथ्याला मधला, आणि ‘ली-छिऊ’ म्हणजे शरदारंभानंतरच्या पहिल्या गंगला शेवटचा. पहिला आणि शेवटचा टप्पा कायम १० दिवसांचे. मधला कधी १० तर कधी २०. म्हणून २०२४ मध्ये हा काळ १५ जुलै ते २३ ऑगस्ट असा ४० दिवस चालला, तर २०२५ मध्ये २० जुलै ते १८ ऑगस्ट असा ३०च दिवस. प्रत्येक टप्प्याला एकदा, असे वर्षाला तीन लेप, आणि सहसा सलग तीन उन्हाळे. ४० दिवसांच्या वर्षी बरीच रुग्णालयं मधल्या फूच्या अकराव्या दिवशी एक जादा लेप देतात. पहिल्याच दिवशी पहाटेपासून रांगेत उभं राहण्यात मात्र काही अर्थ नाही. दोन लेपांत ७ ते १० दिवसांचं अंतर राहिलं की झालं. एक-दोन दिवस मागेपुढे झाल्याने लेपातल्या मोहरीचा तिखटपणा कमी होत नाही.

आता घटक. पांढरी मोहरी, यानहूसुओ हा कंद, गानसुइ हे विषारी मूळ, शिशिन हे उग्र वासाचं मूळ आणि ताज्या आल्याचा रस. छिंग राजवटीच्या काळातला वैद्य चांग लू याने १६९५च्या आपल्या ग्रंथात दिलेलं माप असं: मोहरी आणि यानहूसुओ प्रत्येकी १ लियांग (जुनं चिनी वजन), गानसुइ आणि शिशिन अर्धा-अर्धा लियांग, वर थोडी कस्तुरी. उदबत्तीच्या तीन काड्या जळेपर्यंत लेप ठेवायचा, दहा दिवसांनी पुन्हा लावायचा, असं तीनदा. पुढे रूढ झालेल्या एका सूत्रात कस्तुरी गळाली आणि मापं ग्रॅममध्ये आली: भाजलेली मोहरी २१, यानहूसुओ २१, गानसुइ १२, शिशिन १२. एका माणसाला वर्षभरासाठी एवढी पूड, दर खेपेला तिचा तिसरा हिस्सा. हिशेब केला तर एका वेळी २२ ग्रॅम पूड पाठीवरच्या सहा बिंदूंवर, म्हणजे ठरलेल्या जागांवर, वाटली जायची. आजच्या चकत्या जेमतेम १ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड असतात, म्हणजे त्या मानाने कितीतरी लहान. तरी फोड येतात, याचं कारण मोहरीत आहे.

पांढऱ्या मोहरीतलं सिनाल्बिन स्वतः तिखट नसतं. पुडीला पाणी लागलं की दाण्यातलंच मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फोडतं आणि मग आग करणारं द्रव्य तयार होतं. यातून तीन गोष्टी निघतात. मोहरी भाजली की विकर मरतं आणि लेप सौम्य होतो, म्हणून अनेक ठिकाणी कच्ची आणि भाजलेली मोहरी मिसळून तिखटपणा हवा तिथे आणतात. दुसरं, गरम पाण्याने कालवलेला लेपही तसाच मऊ पडतो. आणि तिसरं म्हणजे, पुडीत रस पडला त्या क्षणापासून घड्याळ सुरू झालेलं असतं.

ताज्या लेपाला सगळ्यांत वरचा क्रम द्यायचा तो याचसाठी. चांगल्या रुग्णालयात पूड बारीक चाळलेली असते, आलं त्याच दिवशी पिळलेलं असतं आणि कालवलेला गोळा घट्ट कणकेसारखा असतो. बोटाने दाबला तर ठसा राहतो, पाणी सुटत नाही. पातळ लेप घामाबरोबर पसरतो आणि चकतीच्या दुप्पट जागेवर फोड उठतो. कोरडा लेप तासाभरात भुगा होऊन पट्टीच्या कडेला जमतो. पूड जाडी राहिली असेल तर एकाच चकतीखाली दोन ठिकाणी भाजतं आणि बाकी कातडीला काही कळतही नाही. गर्दीच्या दिवशी आदल्या रात्री भरून शीतपेटीत ठेवलेले ट्रे बाहेर काढलेले दिसले, तर समजावं की नाव ताज्याचं असलं तरी माल अर्धा तयारच आहे.

जागा चुकणं हा या सेवेतला दुसरा नेहमीचा दोष. फुप्फुसाचा मुख्य बिंदू फेइशू हा छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या काट्याखाली, मध्यरेषेपासून दीड त्सुन बाजूला. त्सुन हे ज्याच्या-त्याच्या अंगावरून घ्यायचं माप. हात खाली सोडून बसल्यावर खवाट्याच्या हाडावरचा आडवा कणा जिथे आतल्या बाजूला संपतो, ती साधारण तिसऱ्या मणक्याची पातळी; आणि मध्यरेषा ते खवाट्याची आतली कड हे अंतर ३ त्सुन, त्याचं निम्मं दीड. हे बोटाने चाचपून ठरवायला माणसामागे अर्धा मिनिट पुरतो. तेवढाही न देता नजरेनेच सहा चकत्या ठोकून देणारं केंद्र असेल, तर पुढच्या खेपेला दुसरं बघावं. सोबत दिंगछुआन (सातव्या मानमणक्याच्या बाजूला अर्धा त्सुन), गाओहुआंग, शिनशू, गशू हे बिंदू दुखण्याप्रमाणे घेतात.

लेप किती वेळ ठेवायचा? मोठ्यांना २ ते ६ तास, मुलांना अर्धा ते २ तास, हा चीनमधला सर्वसाधारण दंडक. पण घड्याळापेक्षा कातडीचं ऐकावं. ऊब, खाज, चुणचुण इथपर्यंत ठीक. सुईने टोचल्यासारखं किंवा निखारा ठेवल्यासारखं वाटू लागलं की वीस मिनिटं झालेली असोत की दोन तास, लेप काढायचाच. ‘फोड आला तरच गुण येतो’ हा समज रांगेतल्या रांगेतच पसरतो आणि त्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. रात्रभर लेप ठेवून झोपणारे सकाळी पट्टीबरोबर कातडीही काढतात. लहान फोड तसाच राहू द्यावा, वर आयोडीनचं द्रावण लावावं. मोठा असेल तर निर्जंतुक सुईने खालच्या कडेला टोचून पाणी काढावं, पण वरची साल सोलू नये. तीच जखमेचं झाकण असते. काळे डाग काही आठवडे ते काही महिने राहतात, हे लेप लावण्याआधीच सांगणारी रुग्णालयं फार थोडी. गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला पिवळा-तपकिरी डाग तर जातच नाही, तेव्हा सैल आणि जुना कपडाच घालून जावं.

तयार लेप म्हणजे चांदीच्या कागदात बंद, गोल पट्टीच्या मधोमध काळा मऊ गोळा. सोय मोठी, आकार एकसारखा, गळती नाही. पण मोहरी महिन्यांपूर्वीच ओली झालेली, त्यामुळे जोर उतरलेला. तो भरून काढायला काही जण मिरचीचा अर्क घालतात. मग आग भरपूर होते आणि गिऱ्हाइकाला वाटतं माल कडक आहे. ओळख सोपी: मोहरीची आग हळूहळू चढते आणि पट्टी काढल्यावर उतरू लागते, मिरचीची आग आंघोळीचं गरम पाणी लागताच पुन्हा भडकते. गोड, अत्तरासारखा वास येणाऱ्या पाकिटात आलं शोधू नये. नाजूक कातडीच्या मोठ्या माणसाला, वैद्याने जागा खुणा करून दिल्यावर, सौम्य पर्याय म्हणून हे एक वेळ चालेल. पहिल्या क्रमांकाची जागा मात्र त्याला देता येत नाही.

तिसरी वस्तू नुसती नावाची. डब्यावर सानफू, ड्रॅगन, आल्याचं चित्र, आणि बारीक अक्षरात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या, वर्गाच्या वैद्यकीय उपकरणाची नोंद. चीनमध्ये या वर्गाच्या उपकरणात औषधी परिणाम करणारं द्रव्य असायला परवानगीच नाही. म्हणजे एक तर आत औषध नाही, नुसता दाब देणारा मणी किंवा चुंबक आहे. नाही तर औषध आहे आणि नोंद खोटी आहे. दोन्हीकडून पैसे वाया. खरं औषध म्हणून मंजूर झालेल्या मालाचा क्रमांक ‘ग्वोयाओ झुन्झी’ या अक्षरांनी सुरू होतो. ती नसतील तर डबा परत ठेवावा. शिवाय चीनच्या पारंपरिक वैद्यक प्रशासनाने २०१३ मध्येच बजावलं आहे की या नावाने लेप लावण्याचं काम वैद्यकीय संस्थेत, पात्र वैद्यकीय माणसाच्या हातूनच व्हायला हवं. सौंदर्यगृहात मालिशबरोबर ‘भेट’ म्हणून मिळणारा सानफू यात बसत नाही.

लेपासोबत रुग्णालयं बहुधा आयचा शेकही सुचवतात. आय म्हणजे दवण्याच्या कुळातली एक वनस्पती. हूबेइ प्रांतातल्या छीछुनची नावाजलेली. तिची सुकी पानं कुटून कापसासारखा लोकर-गोळा करतात आणि कागदात गुंडाळून साधारण १८ मिलिमीटर जाड, २० सेंटिमीटर लांब कांडी वळतात. डब्यावर ३५:१ छापलेलं असतं, म्हणजे ३५ किलो पानांतून १ किलो लोकर. कांडीसाठी एवढ्या बारीक लोकरीची गरज नसते. ती कातडीवर ठेवायच्या तांदळाएवढ्या शंकूंसाठी. पिवळाधमक रंग दर्जामुळेच येतो असंही नाही, रंग लावूनही तो आणता येतो. पेटवलेली कांडी कातडीपासून २–३ सेंटिमीटरवर धरून एका बिंदूला १० ते १५ मिनिटं, राख वेळोवेळी झटकून. भाजण्याचे अपघात होतात ते राख पडून किंवा कमरेला जळत्या आयची डबी बांधून माणूस झोपल्यामुळे. आणि दम्याच्या रुग्णाला बंद खोलीत हा धूर देणं म्हणजे एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. लेप आणि शेक एकाच जागी एकाच दिवशी तर नकोच.

गुणाचं काय? नाक गळणं आणि दमा यांवर चीनमध्ये ढीगभर चाचण्या झाल्या आहेत, पण खोटा लेप देऊन तुलना करायची तर आग होत नाही म्हणून रुग्णाला लगेच कळतं. त्यामुळे निकाल हातचे राखूनच वाचावे लागतात. इनहेलर किंवा रोजचं औषध लेपाच्या भरवशावर बंद करायचं नाही, हे सांगणारा वैद्यच खरा. गर्भवती, ताप किंवा छातीत संसर्ग असलेले, थुंकीतून रक्त जाणारे, साखर ताब्यात नसलेले मधुमेही, जखम भरताना जाड वण उठणारे आणि मोहरी किंवा चिकटपट्टीची ॲलर्जी असलेले यांना लेप लावत नाहीत. शिशिनमध्ये मूत्रपिंडांना घातक असं ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते पानादेठांत जास्त म्हणून फक्त मुळं वापरायची. आणि उरलेली पूड गानसुइमुळे कधीही पोटात जाता कामा नये. लहान मूल घरात असेल तर काढलेली चकतीही कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, बोटं साबणाने धुवावीत आणि तोवर डोळे चोळू नयेत.