आंब्याच्या गाड्यांचं नियोजन अ‍ॅपमध्ये: ओआर-टूल्स, टाइमफोल्ड की फास्ट डाउनवर्ड?

एप्रिल उजाडला की गाडी भरणाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी दहा हिशोब चालू असतात. गोळपच्या बागेतली तोड अकराला आटपणार, पावसला पेट्या भरून व्हायला तीन वाजणार, पिकअपमध्ये मावतील तेवढ्याच मावणार, आणि माल वाशीला वेळेत उतरलाच पाहिजे. हे डोक्यातलं नियोजन अ‍ॅपमध्ये आणायचं म्हणून तुम्ही सॉफ्टवेअर शोधत असाल, तर कुठलंही उतरवून घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुमचा प्रश्न 'कुठल्या क्रमाने काय काय करू' असा आहे, की 'कुठली गाडी कुठे, किती वाजता' असा? दोन्हीला प्लॅनिंगच म्हणतात, पण त्यांची हत्यारं वेगळी आहेत.

फास्ट डाउनवर्ड हे सॉफ्टवेअर पहिल्या प्रश्नासाठी आहे. त्याला पीडीडीएल या १९९८ सालच्या भाषेत दोन फाइली द्यायच्या. एकीत कुठली कृती केव्हा करता येते आणि तिने काय बदलतं, दुसरीत आत्ताची स्थिती आणि गाठायचं उद्दिष्ट. ते कृतींचा क्रम शोधून देतं. मी सुरुवात इथूनच केली आणि प्रत्येक पेटीला वेगळं नाव दिलं. १२० पेट्या, ६ गाड्या, १५ ठिकाणं म्हणजे नुसत्या 'चढव' या कृतीचेच १०,८०० प्रकार झाले. शिवाय सातवी पेटी आठवीच्या आधी चढवली काय नि नंतर चढवली काय, आपल्याला सारखंच. त्याच्या लेखी मात्र ते दोन वेगळे मार्ग. मोजमाप आणि घड्याळ हे त्याचं बळ नाही. खर्च तेवढा बेरजेत धरतं, पण क्षमता, वेळेच्या खिडक्या (अमुक ते अमुक वाजेपर्यंतच पोचायचं), एकाच वेळी चालणारी कामं त्यात बसवताना दमछाक होते. रोजच्या गाड्यांसाठी ते घेऊ नका.

खरी निवड ओआर-टूल्स आणि टाइमफोल्ड यांत आहे. ओआर-टूल्स गूगलचं, गाभा सी++ मधला, पायथनमधूनही वापरता येतं. टाइमफोल्ड जावाचं. ऑप्टाप्लॅनर या आधीच्या नियोजन-सॉफ्टवेअरच्या मूळ मंडळींनी २०२३ मध्ये त्यातूनच ते वेगळं काढलं. गाड्यांचे मार्ग, क्षमता, वेळा दोघांनाही जमतात. फरक कळतो तो अडचणीच्या दिवशी.

समजा एका बागायतदाराने 'चारनंतरच या' असं सांगितलं आणि त्या वेळेला एकही गाडी पोचू शकत नाही. ओआर-टूल्सच्या मार्ग-विभागात तुम्ही आधी काही सोय केली नसेल, तर त्या एका थांब्यापायी अख्ख्या दिवसाचं उत्तर 'नाही' असं येतं. कारणही कळत नाही. उपाय आहे: प्रत्येक थांब्याला दंड (म्हणजे तो गाळला तर हिशोबात धरायचा जादा खर्च) लावून तो वगळायची मुभा द्यायची. हे पहिल्याच दिवशी करा. टाइमफोल्ड अशा वेळी त्यातल्या त्यात बरं नियोजन देतं आणि कुठला नियम कुठे मोडला तेही सांगतं. ऑफिसात फोन घेऊन बसलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं, म्हणजे त्या बागायतदाराला लगेच फोन करता येतो. जावा येणारा माणूस हाताशी असेल, तर माझं मत टाइमफोल्डला.

पायथनवालेच असाल तर ओआर-टूल्स घ्या, पण दोन गोष्टी सांभाळा. त्याला आकडे पूर्णांकातच लागतात, म्हणून वेळ मिनिटांत आणि वजन किलोत द्या. गाइडेड लोकल सर्च (हाती आलेलं उत्तर थोडं थोडं बदलून सुधारत राहायची पद्धत) लावलात तर वेळेची मर्यादा घालाच, नाहीतर ते शोधतच राहतं. आमच्याकडे ३० सेकंद पुरतात.

हे सॉफ्टवेअर अ‍ॅपला जोडताना माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते पुनर्नियोजनात. दर नव्या फोनसरशी अ‍ॅप सगळे मार्ग नव्याने आखायचं. निम्म्या वाटेवरच्या ड्रायव्हरला चार मिनिटं वाचवण्यासाठी मागे फिरायला सांगितलं गेलं. दोन दिवसांत ड्रायव्हरांनी फोनकडे बघणंच सोडलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आता चढलेला माल आणि पुढचा थांबा आम्ही गोठवतो. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे.

फास्ट डाउनवर्ड मी पूर्ण टाकलेलं नाही. परशुराम घाटात गाडी बंद पडली, की दुसरी गाडी रिकामी करा, ती तिथे न्या, माल बदला, कोण परत येणार ते ठरवा, असा क्रम लागतो. तिथे पेट्यांऐवजी अख्खी खेप एक वस्तू धरली की उत्तर चटकन मिळतं. त्याचा परवाना जीपीएल आहे, म्हणजे ते गुंफून वाटलेलं सॉफ्टवेअरही त्याच अटींवर खुलं करावं लागतं. बाकी दोघांचा अपाची, त्यात ही अट नाही. म्हणून ते सर्व्हरवर वेगळी प्रक्रिया म्हणूनच चालवा, ग्राहकाला द्यायच्या अ‍ॅपमध्ये गुंफू नका.

चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलला थेट नियोजन करायला सांगू नका. बागायतदाराचा 'उद्या सकाळी साठेक पेट्या' हा निरोप नोंदीत बदलायला ते उत्तम, पण गाडीची क्षमता पाळली जाईलच याची खात्री ते देत नाही.

गणित सगळं सर्व्हरवर होऊ द्या. ड्रायव्हरच्या फोनवर आम्ही फक्त पुढचे तीन थांबे, पेट्यांचा आकडा आणि बागायतदाराचा नंबर उतरवून ठेवतो. घाटात रेंज गेली तरी तेवढं दिसतं.