सात नंबरचा फ्लाय रॉड आणि सस्क्वेहानातले स्मॉलमाउथ: सात महिन्यांनंतर

मार्चच्या शेवटी मी नऊ फुटी, चार तुकड्यांत सुटणारा, सात नंबरचा फ्लाय रॉड (मासे धरायची लवचिक काठी) घेतला. आता ऑक्टोबर संपत आलाय. मधल्या काळात पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या वरच्या-खालच्या पट्ट्यात, सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथसाठी (हा गोड्या पाण्यातला बास मासा) चाळीसेक वेळा तरी उतरले असेन. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगू शकते की रॉड चांगला आहे, पण मासे रॉडमुळे मिळाले नाहीत. लाइन बदलली आणि हात थांबवायला शिकले, तेव्हापासून मिळू लागले. म्हणून त्या दोन गोष्टींवरच जास्त लिहिते.

माझं माहेर कुडाळजवळ. आजोबा कर्ली नदीत गरवायला जायचे. गरीला सुंगट लावायचं, वर शिशाचा तुकडा बांधायचा आणि दोर भिरकावून द्यायचा. त्या शिशाच्या वजनाने दोर लांब जातो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं आहे. पिसं, केस आणि दोरा गळावर बांधून केलेल्या फ्लायला बहुतेक वेळा वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं लाइनला, आणि ती लाइन हवेत उलगडत जाऊन फ्लायला पुढे नेते. रॉडवरचा नंबर म्हणजे त्याला पेलणाऱ्या लाइनचा नंबर. सात नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १८५ ग्रेन, म्हणजे १२ ग्रॅम भरतात. ट्राउट मासे धरणारे चार-पाच नंबर वापरतात. स्मॉलमाउथसाठी सहा चालतो, पण वारा असेल आणि फ्लाय मोठी असेल तर सातच बरा. इथे नदी एका काठापासून दुसऱ्यापर्यंत मैलभर रुंद असल्याने वारा अडवायला काही नाही.

रॉडबरोबर सेटमध्ये जी लाइन आली होती तिच्यावर मी एप्रिलपासून जवळजवळ सगळा जून घालवला. जड फ्लाय उलगडतच नव्हती. लाइन पुढे जायची आणि फ्लाय मागे लटकून धप्पकन पडायची. मला वाटायचं हाताची चूक आहे. जूनच्या शेवटी बाससाठी बनवलेली लाइन घेतली. हिचं डोकं, म्हणजे लाइनचा पुढचा वजनदार भाग, आखूड आणि पुढे जाड असतं. त्याच संध्याकाळी त्याच रॉडने त्याच फ्लाय चाळीस फुटांवर नीट जाऊन पडायला लागल्या. नवीन घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की रॉडवर पन्नास डॉलर वाचवा आणि ते लाइनवर घाला. रीळवर तर आणखी कमी खर्च करा. स्मॉलमाउथ लाइन खेचत शंभर फूट पळत नाही, तो उड्या मारतो, खाली बसतो, दगडाआड घुसतो. रीळ बहुतेक वेळा फक्त लाइन गुंडाळून ठेवायच्या कामाला येतं.

बास लाइनचा एक दोष सांगते. गार पाण्यात ती ताठ होते आणि स्प्रिंगसारखी वेटोळी घालते. ऑक्टोबरच्या सकाळी काठावर दोन मिनिटं हाताने ताणूनच पाण्यात सोडावी लागते. दुसरी गोष्ट माझ्या हातून बिघडली. जुलैमध्ये डासांचं औषध हाताला चोळलं आणि तसाच हात लाइनवर फिरत राहिला. त्या औषधातलं डीट नावाचं रसायन लाइनचं प्लॅस्टिक खातं. महिन्याभरात पुढच्या वीस फुटांत बारीक चिरा पडल्या आणि तो भाग तरंगायचा बंद झाला. आता औषध लावायचंच तर कपड्यांवर, आणि तळहात धुऊन मगच रॉडला हात लावायचा.

आता फ्लायबद्दल. माझे निम्म्याहून जास्त मासे क्लाउझर मिनोवर आले. या फ्लायचा जन्म याच नदीवरचा आहे, हे कळल्यापासून ती वापरताना मला वेगळंच वाटतं. हॅरिसबर्गच्या खालच्या अंगाला मिडलटाउनमध्ये बॉब क्लाउझर यांचं फ्लायचं दुकान होतं, ते या नदीवर गाइडचं कामही करायचे. १९८०च्या दशकात त्यांनी स्मॉलमाउथसाठी गळाच्या दांड्यावर शिशाचे दोन गोल डोळे बांधले, वर-खाली हरणाच्या शेपटीचे केस बांधले, आणि झाली फ्लाय. तिला नाव दिलं फ्लाय फिशिंगवर लिहिणारे नावाजलेले लेफ्टी क्रे यांनी. डोळे दांड्याच्या एका अंगाला असल्याने पाण्यात फ्लाय उलटी होते, गळाचं टोक वर राहतं. दगडांनी भरलेल्या तळावर हे फार मोलाचं, कारण ती कमी अडकते. पोपटी-पांढरा रंग गढूळ पाण्यात आणि ऑलिव्ह-नारिंगी स्वच्छ पाण्यात, एवढे दोनच रंग मी आता जवळ बाळगते.

ती वापरायची रीत मला उशिरा कळली. सुरुवातीला मी दोरी एकसारखी ओढत राहायचे, कारण मासा पळणाऱ्या भक्ष्यामागे लागतो असं वाटायचं. पण क्लाउझरचं सगळं कौशल्य तिच्या खाली पडण्यात आहे. दोन वेळा वीतभर ओढायचं आणि सोडून द्यायचं. सोडलं की ती नाकावर वळून तळाकडे जाते, घाबरून खडकाखाली शिरणाऱ्या माशासारखी किंवा क्रेफिशसारखी. (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांगीवाला जीव, दिसायला शेवंडाचं पिल्लू. स्मॉलमाउथचा तो मुख्य आहार.) घास तेव्हाच घेतला जातो. हाताला झटका बहुतेक वेळा लागतच नाही. तरंगत्या लाइनचं टोक क्षणभर थबकतं किंवा वितभर बाजूला सरकतं, एवढंच. ते दिसलं की रॉड उचलायचा नाही, टोक पाण्याजवळच ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ मागे ओढायची. रॉड उचलला आणि मासा चुकला तर फ्लाय पाण्याबाहेर येते, त्याला पुन्हा घ्यायची संधी उरत नाही. ओढून चुकली तर ती फूटभरच सरकते आणि तोच मासा वळून परत येतो. माझ्या बाबतीत असं पाच-सहा वेळा झालंय.

जागा निवडताना प्रवाह कुठे मोडतो ते बघायचं. हॅरिसबर्गच्या वर रॉकव्हिलचा दगडी रेल्वे पूल आहे, १९०२ सालचा, ४८ कमानींचा. तिथून वर-खाली नदीच्या तळात खडकाच्या आडव्या पट्ट्या आहेत. पाणी पट्टीवरून उतरून मागे जिथे शांत होतं, त्या शिवणीवर मासा उभा असतो. प्रवाहात राबायला नको, आणि वाहत येणारं खाणं समोरून जातं. फ्लाय पट्टीच्या वर टाकायची आणि पाण्याबरोबर आत येऊ द्यायची. उन्हाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी तेच मासे वॉटर विलो या पाणवनस्पतीच्या बेटांच्या कडेला गुडघाभर पाण्यात येतात. तिथे पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, ओढली की आवाज करणारी फ्लाय. पॉपर पडला की हात आवरायचा, पाण्यावरची वर्तुळं पूर्ण विरू द्यायची, मनात दहा मोजायचे, मगच एक बारीक हिसका. मला सर्वात मोठा मासा, साधारण १८ इंचांचा, त्या दहा मोजण्याच्या आठव्या आकड्यावर मिळाला. लाल डोळ्यांचा, कांस्याच्या रंगाचा. तीन उड्या मारल्या त्याने.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र क्लाउझरचीही नव्हती, पॉपरचीही नव्हती. या नदीवर उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी मेफ्लाय निघते, सूर्य बुडाला की हजारोंनी. पंख फुटल्यावर त्यांचं आयुष्य काही तासांचं. हवा बर्फ पडल्यासारखी पांढरी झाली होती, टोपीवर, बाहीवर, चष्म्यावर कीटक. माझ्या आजूबाजूला स्मॉलमाउथ ट्राउटसारखे शांतपणे पृष्ठभाग टिपत होते. पॉपरकडे एकानेही बघितलं नाही. डबीत एकच लहान पांढरी फ्लाय होती, ती बारीक लीडरवर (लाइन आणि फ्लाय जोडणारा पारदर्शक दोरा) बांधली, अजिबात न ओढता वाहू दिली आणि अर्ध्या तासात नऊ मासे आले. पुढच्या वर्षी त्या आठवड्यासाठी डझनभर बांधून ठेवणार आहे.

टिकाऊपणाबद्दल. सप्टेंबरमध्ये रॉडचा टोकाकडून दुसरा तुकडा फेकतानाच मोडला. त्याआधी दोनदा क्लाउझरचे शिशाचे डोळे रॉडवर आपटले होते, तडा तिथेच गेला असावा. कंपनीने बदलून दिला, पण हाताळणीचे ४० डॉलर घेतले आणि पाच आठवडे लावले. माझ्या मते हंगाम चालू असताना हे फार आहे. जड फ्लाय फेकताना मागची फेक बाजूने, जरा खालून घ्यावी आणि पुढची वरून, म्हणजे फ्लाय रॉडपासून दूर राहते. चष्मा न लावता तर फेकूच नये. ती शिशाची गोळी डोळ्यापासून वितीवरून जाते.

नदीबद्दलही सांगायलाच हवं. रॉकव्हिलजवळचे खडक शेवाळलेले आहेत, रबरी तळव्याच्या बुटांना खिळे लावल्याशिवाय मी उतरत नाही. हॅरिसबर्गचं पाणी-मापक साडेतीन फुटांच्या वर असेल तर घरी थांबते. शहराजवळच्या डॉक स्ट्रीटच्या बुटक्या बंधाऱ्याच्या आसपास तर जाऊच नका. वरून निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पायथ्याचं पाणी माणसाला गोल फिरवत धरून ठेवतं, लोक बुडाले आहेत तिथे.

आणि मासे परत सोडा. २००५ पासून इथली लहान पिल्लं रोगाने मरताना दिसली, २०११ मध्ये या पट्ट्यात बास लगेच सोडायचा नियम आला. नियम दर वर्षी तपासून घ्यावा लागतो, पण माझ्यापुरतं मी ठरवलंय: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, खालचा जबडा अंगठ्याने धरायचा, पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मे महिन्यात नर घरट्यावर राखण करत असतो, तेव्हा त्या उथळ गोल खळग्यांकडे मी फ्लाय टाकत नाही. त्याला उचललं तर दोन मिनिटांत दुसरे मासे अंडी खाऊन टाकतात.

रॉड पुन्हा हाच घेईन. गेल्या रविवारी पाणी खूप गार होतं, मासे खोल गेले होते. क्लाउझर टाकून वीस मोजले, मग एकदाच ओढलं, पुन्हा वीस. तीन तासांत दोनच आले, पण दोन्ही जाड पोटाचे, हिवाळ्याची तयारी केलेले.